पोतं आणि पार्सल

ॲपवरून डिलिव्हरी करणाऱ्यांचा संप फसला, असं १ जानेवारीलाच जाहीर झालं. ३१ डिसेंबर २०२५ ला झोमॅटो आणि त्यांच्याच किराण्याच्या ब्लिंकिटने मिळून ७५ लाखांवर ऑर्डर पोहोचवल्या, साडेचार लाख डिलिव्हरी पार्टनर रस्त्यावर होते, हा विक्रम आहे आणि संपाच्या हाकेचा काही परिणाम झाला नाही, असं झोमॅटोचे संस्थापक दीपिंदर गोयल यांनी एक्सवर लिहिलं. आकड्यांवर अविश्वास दाखवायचं मला कारण नाही. आमच्या कोपरखैरण्यातही त्या रात्री बारा वाजून गेले तरी बाईकची ये-जा चालूच होती.

त्याच दिवशीच्या बातम्यांत आणखी एक गोष्ट होती. संध्याकाळी सहा ते रात्री बारा या गर्दीच्या वेळेत झोमॅटोने ऑर्डरमागे १२० ते १५० रुपये देऊ केले होते. वर्षअखेरीला असा जादा दर दरवर्षीच असतो, त्याचा संपाशी संबंध नाही, असं कंपनीचं म्हणणं. ही बातमी मी खालच्या मजल्यावरच्या काकांना वाचून दाखवली. काका वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमधले निवृत्त माथाडी. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मंग संप फसला कसा? भाव वाढवता येतोय, एवढं तरी कळलं का न्हाई?"

संपाचं हे मोजमाप मला एकाही वर्तमानपत्रात वाचायला मिळालं नव्हतं.

काका पाटण तालुक्यातले. सत्तरच्या दशकात मशीद बंदरला आले, गावकीच्या गाळ्यात वीस-पंचवीस जणांच्यात राहिले, पाठीवर शंभर किलोचं पोतं घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायला शिकले. बाजार टप्प्याटप्प्याने वाशीला हलला तसे तेही खाडी ओलांडून इकडे आले. त्यांच्या घरात दारासमोरच अण्णासाहेब पाटलांचा फोटो आहे. २५ सप्टेंबरला जयंतीच्या मेळाव्याला अजूनही इस्त्रीचा सदरा घालून जातात. राहतं घर माथाडींच्या योजनेतलं, गुडघे दाखवायला जायचं ते हॉस्पिटल माथाडींचं, निवृत्त झाल्यावर हातात आलेला फंड माथाडी मंडळाचा. मी त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर भाडेकरू, त्यामुळे हे सगळं जिन्यातून येता-जाता कळत गेलेलं.

त्यांचा नातू बी. कॉम. झाला आणि आता एका ॲपसाठी जेवणाची पार्सलं पोहोचवतो. ॲपचं नाव लिहीत नाही, कारण आयडी, म्हणजे ॲपवरचं खातं, बंद झाला तर नुकसान त्याचं आहे. आजोबा आणि नातवाचं काम तसं पाहिलं तर एकच. दुसऱ्याचा माल पाठीवर घ्यायचा आणि इथून तिथे न्यायचा. आजोबांच्या पाठीवर पोतं होतं, नातवाच्या पाठीवर रंगीत चौकोनी बॅग आहे. वजन पुष्कळ कमी झालं, हे काकाच सांगतात, आणि कौतुकाने सांगतात. पण मंडळ, फंड, हॉस्पिटल, घर यातलं नातवाकडे काय आहे, असं विचारलं की त्यांना राग येतो. अपघाताचा विमा आहे, हे नातू सांगतो. खरंच आहे, मोठ्या कंपन्या विमा देतात. "म्हंजी हातपाय मोडायची वाट बघायची," हे काकांचं त्यावरचं मत.

एका रविवारी नातवाने मला फोनवरचा त्याचा आठवडा उघडून दाखवला. प्रत्येक ऑर्डरखाली बारीक अक्षरात तोडलेला हिशेब: बेस म्हणजे मूळ रक्कम, अंतराचे, गर्दीच्या वेळेचे, पावसाचे, टिप. वरती इन्सेंटिव्हची पट्टी, म्हणजे इतक्या ऑर्डर झाल्या की इतके जादा. पट्टी भरत आली की शेवटची ऑर्डर पडतच नाही, असं त्याच्या ग्रुपमधल्या प्रत्येकाचं ठाम मत आहे. खरंच तसं होतं की कंटाळलेल्या माणसाला तसं वाटतं, हे मला सांगता येणार नाही. त्यालाही सांगता येत नाही, आणि त्याची खरी तक्रार तीच आहे. मग त्याने एका बिर्याणीच्या ऑर्डरवर बोट ठेवलं. हॉटेलवाल्याने पार्सल तयार असल्याचं बटण दाबून टाकलं होतं आणि आत हंडीला अजून दम लागायचा होता. हा बाहेर, इतर सात-आठ जणांबरोबर, पार्किंगवाल्याच्या शिव्या खात उभा. पैसे आले ते अंतराचे. उभं राहण्याचं जे आलं ते चहाला पुरलं नसतं.

या धंद्याचं सगळं अर्थशास्त्र मला त्या उभं राहण्यात दिसतं.

मुंबईचा डबेवाला स्वस्तात डबा पोहोचवू शकतो, कारण त्याला सगळं आदल्या दिवशीच ठाऊक असतं. घर तेच, ऑफिस तेच, वेळ तीच. एका फेरीत एका माणसाकडे डझनावारी डबे आणि मधलं मोठं अंतर लोकलच्या लगेजच्या डब्यातून. ॲपचा वायदा नेमका उलटा आहे. काय खाणार, कुठून मागवणार, कधी मागवणार, काहीच आधी ठरलेलं नाही आणि तरीही अर्ध्या तासात दारात हवं. हा वायदा पाळायचा तर प्रत्येक नाक्यावर कुणीतरी रिकामा माणूस कायम तयार लागतो. तो रिकामा वेळ कुणाच्या खात्यावर टाकायचा, हा प्रश्न उरतो. ऑर्डरमागे पैसे द्यायचे ठरवलं की तो आपोआप रायडरच्या खात्यावर जातो आणि कंपनीच्या वहीत त्याची जवळपास नोंदच राहत नाही. मग नवीन माणूस भरती करायला हात आखडता घ्यायचं कारण काय? उलट जितके जास्त उभे, तितकी ऑर्डर लवकर उचलली जाणार. प्रत्येकाच्या वाट्याला कमी येणार, ते त्याचं त्याने बघावं.

कंपनीची बाजूही काही अगदीच पोकळ नाही. समजा ४०० रुपयांची ऑर्डर आहे. हॉटेलकडून साधारण पाचवा-चौथा हिस्सा कमिशन येतं, वर जाहिरातीचे पैसे, गिऱ्हाइकाकडून डिलिव्हरीचे आणि प्लॅटफॉर्म फी. त्यातून रायडर, सवलती, कॉल सेंटर, पेमेंटचा खर्च गेला की जेवणाच्या धंद्यात हाती उरतं ते ऑर्डरच्या किमतीच्या पाच टक्क्यांच्या आसपास. म्हणजे चारशेवर वीस. रायडरला ऑर्डरमागे पाच रुपये वाढवून द्या म्हटलं की त्या विसातला चौथा हिस्सा गेला. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला हे तिमाहीच्या निकालात समजावून सांगावं लागतं. झोमॅटोला पहिला तिमाही नफा दिसला तो एप्रिल-जून २०२३ मध्ये, आणि तोही २ कोटींचा.

पण लगेच पुढे काय झालं ते बघा. ऑगस्ट २०२३ मध्ये झोमॅटोने प्लॅटफॉर्म फी सुरू केली, ऑर्डरमागे २ रुपये. ती चढत चढत सप्टेंबर २०२५ मध्ये १२ वर गेली. दोन वर्षांत दहा रुपये वाढले आणि तुम्ही-आम्ही ते मुकाट्याने दिले, कारण भूक लागलेली असताना बिलातली ती ओळ कोण वाचतो! रायडरचे पाच रुपये वाढवले तर गिऱ्हाईक पळेल, ही भीती मला तेव्हापासून पटेनाशी झाली. गिऱ्हाईक कुठेही पळालेलं नाही.

संपानंतरच्या वादात गोयल यांनी आणखी आकडे दिले. २०२५ मध्ये टिप सोडून तासाला सरासरी १०२ रुपये, आदल्या वर्षी ९२. दिवसाचे दहा तास, महिन्याचे २६ दिवस धरले तर साडेसव्वीस हजार, त्यातून पेट्रोल-देखभालीचा पाचवा हिस्सा वजा जाता २१ हजारांच्या आसपास. हे मी काकांना सांगितलं तेव्हा त्यांनी लगेच विचारलं, "गाडीचा हप्ता कुणाचा? आन् रविवारी ताप आला तर?" गोयल यांचा आणखी एक आकडा असा की सरासरी पार्टनर वर्षातून ३८ दिवसच काम करतो. म्हणजे हे बहुतेकांचं जोडकाम आहे, पोट भरण्याचं साधन नव्हे, असा त्याचा अर्थ लावला जातो. मला ती सरासरी निराळीच वाटते. चार दिवस करून सोडून जाणाऱ्यांची गर्दी मोठी असली की सरासरी खाली येणारच. आमच्या खालच्या मजल्यावरचा पोरगा रोज दहा तास गाडीवर असतो, आणि 'सहा महिन्यांत सोडणार' हे मी त्याच्याकडून दोन पावसाळे ऐकतोय.

मालक कोण, हा या सगळ्या वादातला गुंता. कंपनी म्हणते, आम्ही फक्त जोडून देतो. हॉटेल म्हणतं, तो आमचा माणूस नाही. गिऱ्हाइकाचा तर प्रश्नच नाही. स्पेनने २०२१ मध्ये कायदा करून सांगितलं की रायडर हे नोकरच समजायचे. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये नेमकं उलट सांगितलं, डिलिव्हरू या ॲपचे रायडर नोकर नाहीत, सबब सामूहिक वाटाघाटीचा हक्क नाही. वकिलांची दोन्हीकडे भरभराट.

मशीद बंदरला हा गुंता साठ वर्षांपूर्वीच पडला होता. एक टोळी सकाळी एका व्यापाऱ्याची गाडी खाली करायची, दुपारी दुसऱ्याची, संध्याकाळी तिसऱ्याची. प्रत्येक व्यापारी म्हणायचा, माझा याचा संबंध एका गाडीपुरता. मालक-नोकर नातं सिद्ध करायला कोर्टात गेलं की माथाडी हरायचा, कारण दाखवायला मालकच नसायचा. अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना एकत्र करून लढा दिला आणि वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, १९६९ मध्ये, माथाडी कायदा झाला. मालक कोण हे कायद्याने ठरवत बसण्याचं टाळलं, यातच त्याची हुशारी आहे. माथाडीचीही नोंदणी, व्यापाऱ्याचीही नोंदणी, मध्ये मंडळ. त्यावर सरकार, मालक, कामगार तिघांचे प्रतिनिधी. ज्याची गाडी उतरेल त्याने मजुरी मंडळात भरायची आणि मजुरीवर लेव्ही भरायची. लेव्हीचा दर मंडळागणिक वेगळा, पण ढोबळ मानाने तीस टक्के आणि त्याहून वर. त्यातून फंड, ग्रॅच्युइटी, बोनस, भरपगारी रजा, औषधपाणी. दिवसात दहा मालक बदलले तरी माथाडीचं खातं एकच.

आता हे ॲपच्या कामाशेजारी ठेवून पाहा. अनेक गिऱ्हाइकं, अनेक हॉटेलं, दोन-तीन ॲप आणि एक माणूस. बाजारात व्यापारी पोती कमी दाखवून लेव्ही बुडवतो, ही मंडळाची कायमची डोकेदुखी. ॲपला तेही करता येणार नाही. कोण कुठून निघाला, किती मीटर गेला, किती मिनिटं थांबला, याची नोंद त्यांच्याकडे आमच्या तलाठ्यापेक्षा चोख असते.

देशात गिग, म्हणजे ॲपवरून सुटं काम करणाऱ्या, कामगारांसाठीचा पहिला कायदा मात्र महाराष्ट्राने केला नाही. तो राजस्थानने केला, जुलै २०२३ मध्ये. प्रत्येक व्यवहारावर कल्याण शुल्क, मंडळ, नोंदणी. तिथे या कायद्यासाठी झटणाऱ्या कार्यकर्त्यांनी आमच्या माथाडी मंडळाचं उदाहरण उघडपणे दिलं होतं. डिसेंबरात सरकार बदललं आणि नियमांची गाडी रखडली. मग २०२५ मध्ये कर्नाटकचा कायदा आला, रायडरला मिळणाऱ्या रकमेवर एक ते पाच टक्के. केंद्राची २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तीत ॲप कंपनीने वार्षिक उलाढालीच्या एक-दोन टक्के द्यायचे, पण कामगारांना दिलेल्या रकमेच्या पाच टक्क्यांवर जायचं नाही. नीती आयोगाच्या अंदाजाने असे कामगार २०२०-२१ मध्ये ७७ लाख होते आणि २०२९-३० पर्यंत २ कोटी ३५ लाख होतील. तेव्हा काहीतरी झालं हे बरंच झालं.

पण हिशेब करून बघू. नातवाला एका ऑर्डरचे ४० रुपये मिळाले तर पाच टक्क्यांची कमाल मर्यादा गाठूनही फंडात जातात २ रुपये. माथाडीच्या ४० रुपयांवर जातात बारा-तेरा. टक्क्यांचा हा फरक मी एक वेळ समजू शकतो, सुरुवात आहे म्हणून. मला खटकतो तो दुसरा भाग. माथाडी व्यवस्थेत कल्याण आणि दर एकाच वहीत होते. पोत्यामागे किती, हे युनियन आणि व्यापाऱ्यांची संघटना बसून ठरवणार, त्याचा करार होणार आणि पैसे मंडळातून जाणार. नव्या कायद्यांनी कल्याण उचललं आणि दर ॲपच्या मर्जीवर ठेवला. फंडात दोन रुपये टाकायचे आणि बेसमधून पाच कापायचे, असं कुणी केलं तर त्याला अडवणारं कलम मला यात दिसत नाही. आणि दर कापणं ही काही कल्पनेतली गोष्ट नव्हे. एप्रिल २०२३ मध्ये दिल्लीकडे ब्लिंकिटच्या रायडरांनी काम बंद केलं ते ऑर्डरमागचे किमान २५ रुपये १५ वर आणले म्हणून.

एकदा काकांनी नातवाला विचारलं, "तुमचा करार किती सालचा?" पोरगा हसायलाच लागला. "आबा, ॲप अपडेट झालं की नवा करार."

त्या ब्लिंकिटच्या संपात कित्येक स्टोअर काही दिवस बंद राहिली, ती का, हे मला काकांनी समजावलं. माथाडीच्या ताकदीत त्याच्या पाठीइतकाच मार्केटच्या फाटकाचा वाटा होता. टोळ्यांनी हात वर केले की तुर्भ्यापर्यंत ट्रकची रांग लागायची, आत कांद्याला कोंब फुटायचे, आणि दोन दिवसांत व्यापारी बोलायला यायचा. जेवण पोहोचवणाऱ्या रायडरला असं फाटकच नाही. त्याचा माल हजार हॉटेलांत विखुरलेला आणि गिऱ्हाईक लाख घरांत. शंभर जणांनी ॲप बंद केलं तर एकशे एकाव्याला ऑर्डरमागे जास्त पैसे दिसतात. एकजूट मोडायला बाहेरून गुंड आणायची गरजच नाही, दर वाढल्याचा मेसेज पुरतो. किराणा दहा मिनिटांत देण्याच्या हव्यासापायी मात्र कंपन्यांनी गल्लोगल्ली गोदामं उघडली आणि तिथे पन्नास-साठ रायडर रोज एकाच शटरसमोर उभे राहायला लागले. एकमेकांचे चेहरे ओळखीचे झाले. फाटक परत आलं. नातवाच्या ग्रुपमध्ये सगळ्यात जास्त बोलणारी मुलंही किराण्याचीच आहेत.

२५ आणि ३१ डिसेंबरच्या संपाची एक मोठी मागणी त्या दहा मिनिटांच्या विरोधातच होती. जानेवारीच्या मध्यात केंद्रीय कामगारमंत्री मनसुख मांडविया कंपन्यांशी बोलले आणि ब्लिंकिटने जाहिरातीतला दहा मिनिटांचा दावा काढून टाकला. माल अजूनही तितक्याच झपाट्याने येतो, हे सांगायला नकोच. पण फसलेल्या संपानंतर दोन आठवड्यांत एवढं घडलं.

पुण्याच्या हमाल पंचायतीचे बाबा आढाव या संपाच्या सतरा दिवस आधी, ८ डिसेंबरला गेले, वयाच्या ९५ व्या वर्षी. हमालांच्या संघटनेने स्वतः चालवलेली 'कष्टाची भाकर' ज्यांनी खाल्ली आहे, त्यांना हमाल आणि जेवण यांचा एकत्र विचार करणं नवीन नाही. ॲपवरून मागवलेली थाळी उघडताना मला ती आठवते. पण आठवून मी ऑर्डर देणं थांबवलेलं नाही, हेही खरं.

माथाडी कायद्याची मला भक्ती करायची नाही. त्याची दुसरी बाजू नवी मुंबईत राहणाऱ्या माणसाला कुणी सांगायला लागत नाही. बोगस माथाडी, पोत्याला हात न लावता वाराई, म्हणजे माल उतरवण्याची मजुरी, मागणारे, घरसामानाचा टेम्पो अडवून हजारो रुपये उकळणारे, युनियनच्या नावाखाली खंडणी. नोंदणी बंदिस्त असली की आतल्याचं संरक्षण होतं आणि बाहेरचा पोरगा दारातच राहतो, हेही त्यातलंच. ॲपने ते दार सताड उघडं ठेवलं, म्हणून तर बी. कॉम. झालेल्या मुलाला कुणाच्या ओळखीशिवाय दुसऱ्या दिवशी काम मिळालं. त्याला ते आवडतं. मुकादमाच्या पुढेपुढे करावं लागत नाही, मनात आलं तर गावच्या जत्रेला चार दिवस जाता येतं. हे स्वातंत्र्य खोटं आहे, असं त्याच्यासमोर म्हणायची माझी हिंमत नाही. त्याला फक्त दर कसा ठरतो ते कळायला हवंय आणि आयडी बंद करायच्या आधी कुणीतरी त्याचं म्हणणं ऐकायला हवंय.

हैदराबादेत, बंगळुरात, दिल्लीत यासाठी संघटना उभ्या राहिल्या आहेत, ॲपवरच्या कामगारांच्या महासंघाचा खटला २०२१ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. आमच्याकडे सध्या आहे तो व्हॉट्सॲपचा ग्रुप. त्यावर रोज रात्री त्या दिवसाच्या दराचे स्क्रीनशॉट पडतात, एकाच अंतराला कोपरखैरण्यात किती, घणसोलीत किती. नातवाने बी. कॉम.चा उपयोग करून ते एका शीटमध्ये भरायला घेतलंय. काकांना ते फार आवडलं. फक्त त्यांच्या मते हे युनियन नव्हे, कारण वर्गणी नाही. वर्गणी नाही तर पावतीपुस्तक नाही, आणि पावतीपुस्तक नाही तर उद्या कुणाचा आयडी बंद झाला की वकिलाचे पैसे कुठून आणणार?

दोघांचं त्यावरून आठवडाभर चाललं होतं. शेवटी मागच्या शनिवारी पोराने ग्रुपवर टाकलं: महिन्याला पन्नास रुपये, यूपीआयने. तासाभरात चौघांनी ग्रुप सोडला. तो फोन घेऊन खाली आला, चेहरा पडलेला.

काकांनी चष्मा लावून यादी वर-खाली सरकवून बघितली. "चारच?" म्हणाले. "आमच्या टोळीत पैल्या वर्गणीला निम्मे पळालेले."